झाकणावरचं पाणी

१२ जानेवारी

ठसकाबाई,

हे पत्र मुद्दाम शिंपीणबाईंच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. घरी टाकलं की दादा खानावळीच्या गल्ल्यावर बसून मोठ्याने वाचतो आणि जेवायला आलेली गिऱ्हाइकंसुद्धा घास चावता चावता माझं पत्र ऐकतात. मागे मी ‘आठवण येते’ एवढंच लिहिलं होतं, तर ती ओळ दादाने दोनदा वाचली आणि अख्खी पंगत हसली म्हणे. म्हणून हा चोरमार्ग. शिंपीणबाईंना सांग, आलो की तुमच्या दुकानाच्या शटरला फुकट ग्रीस लावून देईन. शटर बसवणारा माणूस दुसरं काय देणार!

माझं पोट पार बिघडलंय. पट्ट्या खांद्यावर घेऊन शिडी चढलो की आत नुसता जाळ. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, हॉटेलचं तेलकट बंद कर, घरी केलेली भाजी खा. मी म्हटलं, साहेब, घर लांब आहे. तर म्हणाला, मग हात आहेत ना?

वर्कशॉपच्या वरच्या खोलीत आम्ही तिघं. मुकादम, त्याला सगळे मामा म्हणतात, एक वेल्डर आणि मी. स्वयंपाकाची पाळी लावलीय. वेल्डरने केलेली भाजी ताटाला अशी चिकटते की छिन्नी घेऊन बसावं लागतं. मामाला फक्त चहा येतो. मला तोही येत नाही, हे तुला माहीत आहेच.

पण एक चांगली बातमी आहे. मागच्या अंगाला पहारेकऱ्याची खोली आहे, वेगळी मोरी, वेगळं दार. तो उन्हाळ्यात गावी जाणार. मामा म्हणाला, ज्याची बायको येणार त्याला ती खोली. मी पहिला नंबर लावून ठेवलाय. आईला पोटाचं लिहिलंय. ती पाघळली की तू इकडे.

तोपर्यंत पटकन होणारी एखादी भाजी लिहून पाठव. बारीक लिही. मी आयुष्यात लिहिलेलं वाचून काही केलेलं नाही.

तुझा,
भिंगरी


२१ जानेवारी

अहो भिंगरी,

दुपारची पंगत उठली, संध्याकाळची भाजी चिरायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात शिंपीणबाईंच्या मशीनशेजारी बसून लिहितेय. ‘दोरे आणायला जाते’ म्हणून निघालेय. घरात आता इतके दोरे झालेत की जाऊबाई म्हणाल्या, गोधड्या शिवून विकतेस की काय?

भाजी सांगते. ही मी खानावळीत करत नाही. दादांना वर तेलाचा तवंग दिसल्याशिवाय भाजी झाल्यासारखी वाटत नाही. ही माझ्यापुरती करते, सगळे जेवून उठले की, कोबी, गाजर, फरसबी जे उरलं असेल त्याची.

आधी सगळं चिरून घ्या. तुम्ही नक्की आधी स्टोव्ह पेटवाल आणि मग सुरी शोधाल, म्हणून सांगतेय. गाजर बारीक, फरसबी तिरकी, कोबी जरा जाडसर, म्हणजे सगळं एकदम शिजतं. पातेल्यात चमचाभर तेल. तापलं की मोहरी. ती तडतडली की जिरं, चिमूटभर हिंग, आणि पातेलं खाली उतरवून हळद, म्हणजे जळत नाही. एक हिरवी मिरची मोडून. मग भाजी टाका, परता, आणि काठ असलेली ताटली झाकण म्हणून ठेवून तिच्यावर पाणी ठेवा. जाळ बारीक. भाजी अजून दाताला लागतेय तोवर धने-जिऱ्याची पूड आणि मीठ. मीठ शेवटी, कारण भाजी आळते आणि आधी घातलेलं मीठ जास्त होतं. उतरवून लिंबू पिळा. अंघोळीचं पाणी तापायच्या आत भाजी तयार.

आता माझी अट. घरच्या पत्रात यातलं एक अक्षर लिहायचं नाही. घरच्या पत्रात तुमचं पोट दुखतच राहिलं पाहिजे. जाऊबाईंचे गुडघे गेलेत, चुलीपुढे मी एकटी आहे. दादा मला सुखासुखी हलू देणार नाहीत. आईंनी मनावर घेतलं तरच होईल, आणि त्या माझ्यासाठी घेणार नाहीत, तुमच्या पोटासाठी घेतील. काल चपात्या लाटताना म्हणाल्या, “पोर तिकडे उपाशी मरतंय.” मी मान खाली घालून कणीक मळत राहिले, हसू दिसू नये म्हणून.

लग्नाला तीन वर्षं झाली. त्यातलं तुमच्यासोबतचं किती, ते मोजायला बसले तर बोटंसुद्धा उरतील. तेव्हा अट पाळा.

तुमची,
ठसका


२ फेब्रुवारी

ठसकाबाई,

मोहरी तडतडेपर्यंत थांबा म्हणालीस. थांबलो. ती तडतडली नाही, अंगावर आली. वेल्डर कोपऱ्यातून ओरडला, “माझा चष्मा देऊ का रे?” मामा तर पाण्याची बादली घेऊन उभा राहिला. मग मिरची. मिरचीने तिघंही खोकत गॅलरीत गेलो. खालून वर्कशॉपचा मालक विचारतोय, वर काय जळतंय? मामा म्हणाला, “जळत नाहीये मालक, याचा संसार शिजतोय.” मला तुझा घरातला पहिला दिवस आठवला. तू फोडणी दिलीस आणि आम्ही सगळे अंगणात पळालो होतो. तेव्हा तुला ठसका म्हणून बसलो, आता माझ्यावर तेच नाव पडायची वेळ आली.

आणि एक सांग, झाकणावर पाणी ठेवा असं लिहिलंस, ती लिहिताना झालेली चूक ना? झाकणावर पाणी कोण ठेवतं? मी ते सरळ पातेल्यात ओतलं. भाजीचा झाला रस्सा, तोही फिक्का. कोबी वर तरंगत होता. वेल्डर म्हणाला, “पोहायला उतरू का?” तरी तिघांनी पावाबरोबर खाल्ली. पोट मात्र रात्रभर गप्प होतं, हे कबूल करतो.

तुझी अट ध्यानात आहे. घरी लिहिलंय, पोटात दुखतं, अंगात ताकद नाही, शिडीवर चक्कर येते. चक्कर माझ्या पदरची. दादाला वाचताना जरा घाम फुटू दे.

तुझा,
भिंगरी


१४ फेब्रुवारी

अहो शहाणे,

माझी चूक नव्हती, पाणी झाकणावरच ठेवायचं! त्याने झाकण गार राहतं. आतली वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होऊन परत भाजीवर पडतं. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, म्हणून तेल लागत नाही आणि चव बाहेर जात नाही. माझ्या आजीपासून आम्ही सगळ्या अशीच करतो आणि आम्हाला कधी कोणी ‘का’ म्हणून विचारलं नाही. तुम्ही पहिले.

चक्कर फार कामाला आली. दादा वाचता वाचता थांबले. आई म्हणाल्या, “पडलाबिडला शिडीवरून म्हणजे?” आणि दुपारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “एखादी बाई मिळाली की हिला पाठवून देऊ त्याच्याकडे.” दादा बडीशेपेची वाटी पुसत बसले. ती आधीच स्वच्छ होती.

बाई मी आधीच बघून ठेवलीय. शिंपीणबाईंची चुलत नणंद. एकटी आहे, हात चलाख आहे. तिला दादांसमोर उभं करायचंय, पण जरा धीर धरून, नाहीतर त्यांना कळेल की मीच आणली. तुम्ही फक्त एक करा. अजून एक पत्र, दोन ओळींचं. पोट तसंच आहे, म्हणून. जास्त लिहू नका, तुम्ही जास्त लिहिलं की वाहवत जाता.

मी ट्रंक खाली काढून पुसून ठेवली. जाऊबाईंनी विचारलं, तर झुरळं झाली होती म्हणाले.

ठसका


३ मार्च

धाकट्या,

घरच्या सगळ्यांकडून तुला आशीर्वाद. पत्रास कारण की तुझी काळजी करून करून आईने अन्न टाकलंय. ताटावर बसते आणि दोन घास खाऊन उठते. वय झालंय, हे असं किती दिवस चालायचं? तुझ्या बायकोला पाठवायचं बघतोच आहोत, पण बाई मिळेपर्यंत वेळ जाईल. तोवर आईच्या जिवाला काही झालं तर आयुष्यभर तुझ्या मनाला लागून राहील.

तरी तुझ्या हाताने आईला सविस्तर लिही. तू काय खातोस, कोण करतं, सगळं. बरं असेल तर बरं लिही. खोटं लिहू नको, तिला कळतं. मी वाचून दाखवीन.

खानावळ ठीक चालू आहे.

दादा


१० मार्च

आई,

दादाचं पत्र वाचलं आणि हातातला पाना खाली पडला. तू माझ्यापायी जेवण सोडलंस? अगं वेडी की काय तू! आधी ताट घे, मग पुढचं ऐक.

मी चांगला आहे. पोट एकदम ठणठणीत. औषधाची बाटली खिडकीत धूळ खात पडलीय. तुझा हा मुलगा, ज्याला घरात पाण्याचा तांब्या भरून घेता येत नव्हता, तो आता अख्ख्या खोलीचा स्वयंपाकी झालाय! कोबी, गाजर, फरसबी अशी फर्मास भाजी करतो की मामा पातेलं पुसून खातो. तेल म्हणशील तर चमचाभर. मोहरी, जिरं, हिंग, हळद, आणि झाकणावर पाणी ठेवायचं, आत नाही हं, वर! सगळ्यांची इथेच चूक होते. वाफेवर शिजते. वर लिंबू. पोटाला इतकी हलकी की जेवून लगेच शिडी चढतो. डॉक्टर म्हणाला, तुझ्यासारखं पथ्य सगळ्यांनी केलं तर माझा दवाखाना बंद पडेल. शेजारच्या दुकानदाराने विचारलं, तुमच्याकडे रोज काय शिजतं हो, रस्त्यापर्यंत वास येतो.

मला काही कमी नाही. कोणावाचून माझं अडलेलं नाही. तू निर्धास्त हो आणि पोटभर जेव.

तुझा,
भिंगरी


१९ मार्च

अहो,

तुमचं पत्र आलं. शिंपीणबाईंकडे नव्हे, घरी. दुपारच्या पंगतीत दादांनी वाचलं. मी चपात्या वाढत होते.

“पोटभर जेव” हे ऐकून आई म्हणाल्या, “मी कधी जेवण सोडलं रे?” त्यांच्या ताटात तेव्हा दुसऱ्यांदा घेतलेला भात होता. दादा म्हणाले, “अगं, पोराकडून खरं काढायचं तर असं लिहावं लागतं.” आणि सगळे हसले. आईसुद्धा. नंतर हसू पुसून म्हणाल्या, “म्हणजे चक्करबिक्कर सगळं थोतांड होतं तर.” आणि माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं.

दादा म्हणाले, “मग हिला कशाला पाठवायचं आता? तिकडे जाऊन त्याची पातेली घासायला?”

जाऊबाई म्हणाल्या, “गेली असती तर त्यानेच हिला करून वाढलं असतं!”

मी चपाती वाढली. हातात टोपली होती म्हणून बरं, नाहीतर हाताचं काय करायचं ते कळलं नसतं.

अजून संपलं नाही. कोपऱ्यात बँकेतले कारकून जेवत होते, ज्यांना साखरेचा त्रास आहे. ते म्हणाले, “शेठ, ही बिनतेलाची भाजी आम्हाला का मिळत नाही? आम्ही काय पाप केलंय?” दादांनी आईंकडे बघितलं, आई म्हणाल्या, “त्याला कुठली सुचतेय, हिचीच असणार.” दादा मला म्हणाले, “अशी भाजी येते तुला आणि इतकी वर्षं गप्प?”

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर पाटी लागली. ‘पथ्याची भाजी मिळेल.’ आता रोज दुपारी चिरायचं दुप्पट झालंय. अख्खी बँक येते. त्यांच्या बायका निरोप पाठवतात की डबा द्या. शिंपीणबाईंच्या नणंदेचं नाव काढलं तर दादा म्हणाले, “तिला ही भाजी येते का? मग काय उपयोग?”

मी अट घातली होती. एकच होती. दोन ओळी लिहा म्हणाले होते, तुम्ही दोन पानं लिहिलीत. झाकणावरचं पाणीसुद्धा सोडलं नाहीत.

ट्रंक परत वर ठेवली.


२ एप्रिल

ठसका, माझी राणी,

तुझं पत्र वाचून मी तसाच कामावर गेलो. एका दुकानाच्या शटरची स्प्रिंग सुटली आणि मनगटावर बसली, इतकं लक्ष उडालं. आई जेवत नाही म्हटल्यावर मला काही सुचेना गं. दादा असा डाव टाकेल हे मला काय माहीत? मी साधा माणूस. लिहायला बसलो आणि हात चालत गेला. तूच म्हणतेस ना, मी वाहवत जातो. तसं झालं. मनात काही नव्हतं.

आणि खरं सांगू, पाटी लागली हे वाचून क्षणभर छाती फुगली. माझ्या पत्रावरून अख्खी बँक जेवते! तू रागावशील, पण तुझ्याच हाताचं कौतुक झालं ना शेवटी?

मी आजच घरी लिहितो की पोट पुन्हा बिघडलं. उलट्या होतात असं लिहितो. बघू दादा काय करतो ते.

तसं आता लगेच घाई करूनही उपयोग नाही म्हणा. मागची खोली राहिली नाही. पहारेकरी उन्हाळ्याआधीच गेला. मामाने मला विचारलं होतं, पहिला नंबर तुझा, काय करतोस? मी म्हटलं, वेल्डरला देऊन टाका. त्याचे हाल बघवत नाहीत, बिचाऱ्याला भाजीतला भ कळत नाही, माझं काय, माझं चाललंय. मामाने पाठीवर थाप मारली. म्हणाला, मन मोठं आहे तुझं. वेल्डरची बायको येऊन पाच आठवडे झाले. दाराला पडदा लावलाय, निळा. मला कधीकधी बोलावतात जेवायला. तिची भाजी तुझ्यासारखी नसते, हे तुला म्हणून सांगतो.

पुढची खोली रिकामी झाली की ती आपली. मामाने शब्द दिलाय. राग सोड आणि हसून लिही.

तुझा,
भिंगरी


११ एप्रिल

अहो,

हसून लिहायला जमणार नाही. एकच विचारते.

मामांनी तुम्हाला खोलीचं विचारलं तेव्हा दादांचं पत्र तुम्हाला आलं होतं, की यायचं होतं?

आलं असेल तर मी समजेन की आई जेवत नाहीत म्हणून तुमचं डोकं ठिकाणावर नव्हतं. यायचं होतं, तर मात्र मी ट्रंक पुसत होते तेव्हाच खोली गेलेली होती.

दुसरं काही लिहू नका. एवढंच लिहा.


२० जुलै

ठसकाबाई,

मधे बरेच दिवस गेले, रागावली असशील. तुझ्या पत्राचं उत्तर लिहायला दोनदा बसलो होतो. पहिल्यांदा मामाने हाक मारली, दुसऱ्यांदा शाई संपली. तुझे प्रश्न म्हणजे कोर्टातल्यासारखे असतात. माणसाला तारखा कुठे आठवतात? जाऊ दे ते आता.

आधी घरचं सांगतो. मी उलट्यांचं लिहिलं होतं. दादाचं उत्तर आलं एका ओळीत, ‘मग तीच भाजी खा.’ बोल आता!

पण मोठी बातमी वेगळीच आहे. मी वर्कशॉप सोडलं! तुला माहीत आहे, एका जागी माझे पाय टिकत नाहीत. तीच शटरं, तीच शिडी, जीव उबगला होता. मोठ्या गोदामांचं काम निघालंय, बरंच लांब, मोकळ्या माळावर. मामानेच नाव सुचवलं, आणि शटरवाला म्हणून नव्हे, आचारी म्हणून! सगळ्या गँगला मी जेवायला घालतो. पत्र्याचं स्वयंपाकघर, हाताखाली माणूस. इंजिनियरसुद्धा माझ्या ताटात जेवतो. परवा म्हणाला, आचारी, कुठे शिकलास? मी म्हटलं, घराणंच आहे आमचं. सगळे हसले. दिवसभर हसतखेळत जातो. शटर बसवताना मला कोण विचारत होतं?

एक अडचण आहे, ती तूच सोडव. एवढ्या मोठ्या पातेल्याला काठवालं झाकण मिळत नाही. पत्रा ठेवला तर पाणी ओघळून जाळावर पडतं. खानावळीत तू मोठ्या भाजीला काय करतेस? लवकर कळव, कोबी तळाला लागतो.

इथे बायकांना आणायची परवानगी नाही. राहायला पत्र्याच्या खोल्या, एकेकीत बरेच जण. काम वर्षभर चालेल, कदाचित जास्त. त्यानंतर बघूच. तू समजूतदार आहेस, तुला सगळं उलगडून सांगावं लागत नाही. आणि मनातलं सांगायचं तर, एकटा असलो की पाय मोकळे राहतात. उद्या दुसरीकडे चांगलं दिसलं तर पिशवी उचलली की निघालो. तू घरात सुरक्षित आहेस, आईची सोबत आहे, खानावळ जोरात आहे. मला तुझी काळजी नाही, म्हणून तर मी असा फिरू शकतो.

झाकणाचं तेवढं लिही.

तुझा,
भिंगरी


८ सप्टेंबर
मुलींचं वसतिगृह, मागची खोली

अहो,

तुमचं जुलैचं पत्र मी शिंपीणबाईंच्या दुकानात वाचलं. त्यांनी मशीन थांबवून विचारलं, “काय लिहिलंय गं?” मी म्हटलं, झाकण विचारतायत.

ते वाचल्यावर मला एक कळलं. ज्याला ही भाजी आली त्याचं माझ्यावाचून अडेनासं झालं. तुमचं तर झालंच. मग मी खानावळीतही शिकवायला घेतली. जाऊबाईंना उंच स्टुलावर बसवलं, गुडघ्यांना त्रास नको म्हणून, आणि शेजारी शिंपीणबाईंच्या नणंदेला उभं केलं. दादांना सांगितलं, डबे वाढलेत, हाताखाली कोणीतरी हवं. त्यांना पटलं. काही राखलं नाही, फोडणी कधी उतरवायची, मीठ कधी, सगळं हातात हात धरून शिकवलं. दादा खूश झाले. म्हणाले, “बरं झालं, आता तू आजारी पडलीस तरी अडणार नाही.”

मी म्हटलं, “हो दादा, आता काहीही झालं तरी अडणार नाही.”

एके दिवशी मी भाजीला हातच लावला नाही. दोघींनी केली. बँकवाले जेवले, डबे गेले, कोणी विचारलं नाही की आज कोणाच्या हातची. बँकेतल्या कारकुनांनी तर दोनदा मागून घेतली. मी भांडी पुसली आणि आईंना सांगितलं, मी निघाले.

“नवऱ्याकडे चाललीस?” त्या म्हणाल्या.

“नाही, कामावर.”

“त्याला विचारलंस?”

“त्यांचं माझ्यावाचून अडत नाही, तुमचंही आता अडत नाही. मग विचारू कोणाला?”

दादा गल्ल्यावरून उठून आले. “लोक काय म्हणतील, याचा काही विचार?”

मी म्हटलं, “लोक म्हणतील भाजी चांगली आहे.”

जाऊबाई हसल्या, मग दादांकडे बघून पदर तोंडाला लावला. त्यांनीच मला ट्रंक खाली काढायला मदत केली. दुखऱ्या गुडघ्यांनी पायरीपर्यंत आल्या. 

काम शिंपीणबाईंनी बघून दिलं. इथे मुलींसाठी सकाळी आणि संध्याकाळी स्वयंपाक करायचा असतो. मुली फार बडबड करतात, एकमेकींच्या ताटातलं उचलतात आणि मला मावशी म्हणतात. तुमच्या माझ्यात काय झालं ते इथे कोणाला माहीत नाही, त्यामुळे माझ्याकडे बघून कोणी गप्प होत नाही. पहिल्याच दिवशी रेक्टरबाईंनी विचारलं, “मुलींसाठी काही हलकं, कमी तेलाचं येतं का तुम्हाला?”

मी म्हटलं, नाही.

त्यांना वाईट वाटलं असेल. पण मी ती भाजी पुन्हा करणार नाही. माझ्यापुरतीसुद्धा नाही. परवा उरलेलं गाजर आणि कोबी समोर होतं, हातही सवयीने मोहरीच्या डब्याकडे गेला. मी डबा बंद केला आणि ते तसंच कच्चं खाल्लं, मीठ लावून. चावताना कडकड आवाज येत होता आणि मला कोणाची आठवण येत नव्हती.

मोठ्या पातेल्याचं विचारलंत. तुमच्या हाताखाली माणूस आहे, त्याला विचारा. नाहीतर कोबी लागू द्या तळाला, इंजिनियर काही उपाशी राहणार नाही.

एप्रिलमधल्या प्रश्नाचं उत्तर आता पाठवू नका. वेल्डरची बायको येऊन किती आठवडे झाले ते तुम्हीच लिहिलं होतंत, बाकीचं मी जोडलं. दादांचं पत्र तेव्हा पेटीतसुद्धा पडलेलं नव्हतं. मला राग आई जेवत नाहीत असं लिहिणाऱ्याचा यायला हवा होता, म्हणजे दादांचा. तो मला कधी आलाच नाही. ते मला ठेवून घ्यायला धडपडत होते. कारण वाईट होतं, पण धडपडत होते.

या खोलीत एक खाट आहे, मागे खिडकी आहे, दाराला आतून कडी आहे. पत्ता वर लिहिलाय. तुम्ही पत्र पाठवलंत तर ते थेट माझ्या हातात येईल, आधी कोणी वाचणार नाही, कोणी हसणार नाही. दोरे आणायच्या निमित्ताने मला कुठे जावं लागणार नाही. दुपारभर वेळ असतो, कागदही आहे. तेव्हा लिहायचं असेल तर लिहा, मी वाचेन.

उत्तर देईन की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.